वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोंद म्हणजे परीक्षणच ना?

नाही. परीक्षण दुसऱ्यासाठी असतं. पुस्तक कशाबद्दल आहे, कुणी वाचावं, लेखकाच्या आधीच्या लेखनाशी त्याचं काय नातं आहे, हे सगळं त्यात यावं लागतं. नोंद वाचणारे तुम्हीच असता, तेही दोन-पाच वर्षांनी. हे पुस्तक वाचताना मला कुठे काय वाटलं, हे त्या वेळच्या शब्दांत सापडलं की नोंदीचं काम झालं. आमचा सगळा भर त्या 'कुठे'वर आहे. पान क्रमांक नसलेलं मत सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच तपासता येत नाही. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतात.

मला 'आवडलं' याच्या पुढे काही सुचतच नाही. काय करू?

सुचत नाही असं नसतं. सुचतं ते तयार साच्यातलं असतं. 'भाषा ओघवती', 'तरल चित्रण', 'अंतर्मुख करणारं', 'हाती घेतलं की खाली ठेववत नाही', 'संग्राह्य' हे शब्द इतके घासले गेलेत की कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. वाक्य लिहून झालं की पुस्तकाचं नाव झाका आणि तेच वाक्य शेल्फावरच्या शेजारच्या पुस्तकाला लावून बघा. लागू पडलं तर खोडा.

खोडून तिथे काय लिहायचं ते एका काल्पनिक कादंबरीवर दाखवतो. समजा, एक मुलगी बारा वर्षांनी वडिलांच्या घरी परत येते, अशी गोष्ट आहे. पहिल्या फटक्यात लिहिलेली नोंद बहुधा अशी असते:

'नातेसंबंधांचं तरल चित्रण. भाषा ओघवती. शेवट चटका लावणारा.'

आता प्रत्येक शब्दाला 'कोणतं पान?' असं विचारायचं. 'तरल' नेमकं कुठे वाटलं? पुस्तक उघडून ते पान शोधा. मग नोंद अशी होते:

'पा. ८७. वडील दार उघडतात आणि "चप्पल आत घे, पाऊस येईल" एवढंच म्हणतात. बारा वर्षांबद्दल चकार शब्द नाही. इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागलं. पण पुढच्याच परिच्छेदात तिला काय वाटलं ते निवेदक सांगत सुटतो. नको होतं ते, चपलेनं काम झालं होतं. पा. १४० नंतर हीच खोड वारंवार दिसते: आधी प्रसंग, मग त्याचं स्पष्टीकरण. शेवटच्या प्रसंगाला (पा. २०३) स्पष्टीकरण नाही, बहुतेक म्हणूनच तो टोचला.'

पहिल्या नोंदीतलं एकही विशेषण इथे उरलेलं नाही. पण काय आवडलं, काय खटकलं आणि का, हे तिन्ही आलं. शिवाय 'शेवट चटका लावणारा' या मतामागचं कारणही हाती लागलं. पहिल्यांदा लिहिताना ते तुम्हालाच माहीत नव्हतं.

अशा तीन जागा शोधा. एक जिथे थांबलात ती, एक जिथे कंटाळलात किंवा चिडलात ती, आणि एक जिथे मागची पानं उलटून पुन्हा बघावं लागलं ती. बहुतेक पुस्तकांना एवढ्या पुरतात.

नोंदीत काय काय असावं?

वर एका ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असल्यास मूळ भाषा आणि अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष, एकूण पानं. खाली वाचायला घेतल्याची आणि संपवल्याची तारीख. पुस्तक हातात कसं आलं हेही चार शब्दांत लिहा: कुणी सुचवलं, भेट आलं, की उगाच उचललं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दोन-तीन वर्षांच्या नोंदी साठल्या की कुणाच्या सांगण्यावरची पुस्तकं आपल्याला खरंच लागू पडतात ते यातूनच कळतं.

त्यानंतर पान क्रमांकासह तुमच्या तीन-चार जागा, त्यांवरचं म्हणणं आणि एखादं जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य. सगळं मिळून १५० ते २५० शब्द. एखादं पुस्तक डोक्यात ठाण मांडून बसलं तर हजारही लिहा, पण तो नियम करू नका. पहिल्या चार पुस्तकांवर चार-चार पानं आणि पाचव्यापासून वही बंद, हे चित्र फार नेहमीचं आहे.

एवढी आवृत्ती-बिवृत्ती कशाला?

पान क्रमांक आवृत्तीला बांधलेला असतो म्हणून. नवी अक्षरजुळणी झाली की पानं सरकतात. तुमची नोंद २४० पानी प्रतीवरून केलेली असेल आणि पुढे ३१० पानी प्रत हाती आली, तर त्रैराशिक मांडा: ८७ भागिले २४०, गुणिले ३१०, म्हणजे साधारण ११२. त्या पानाच्या मागेपुढे पाच-सहा पानांत जागा सापडते. अंदाज फार चुकला, तर बहुधा नव्या प्रतीत लांब प्रस्तावना वाढलेली असते. ती पानं वजा करून पुन्हा मांडा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तर तो उतरवणं सगळ्यांत सोपं, कारण कागदी, पुठ्ठा बांधणीची आणि ई-आवृत्ती यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधी दहा अंकी होता. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर क्रमांक तोच राहतो. जुन्या पुस्तकांवर तो मिळणार नाही, तिथे आवृत्ती आणि वर्ष लिहा. वर्ष शके दिलं असेल तर ७८ मिळवा. शके १८४५ म्हणजे १९२३. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पुस्तक पौष, माघ, फाल्गुनाकडे निघालेलं असेल तर इसवी सन एकाने पुढे गेलेला असू शकतो.

नोंद कधी लिहायची? वाचताना की संपल्यावर?

दोन्ही वेळी, पण वेगवेगळी.

वाचताना फक्त पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द. '८७ चप्पल', '११४ हे कसं शक्य?', '१४० पुन्हा तेच'. पुस्तकात खूणचिठ्ठी म्हणून घातलेला कागद याला पुरतो. वाचता वाचता पूर्ण वाक्यं लिहू लागलात तर वाचनाची लय मोडते, आणि दहा पानांनंतर नोंदवहीचाच राग येतो.

पुस्तक संपलं की चोवीस तासांच्या आत पूर्ण नोंद. इथे एक क्रम सांभाळा. आधी पुस्तक आणि ती चिठ्ठी दोन्ही बाजूला ठेवून आठवेल ते दहा मिनिटं लिहा. चिठ्ठी काढून पानं तपासायची ती त्यानंतर. याला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

या क्रमाचा दुसरा फायदा असा की आठवणीने लिहिलेलं आणि चिठ्ठीवरचं जुळत नाही तेव्हा तो फरकच नोंदण्यासारखा असतो. वाचताना सात खुणा केलेला भाग शेवटी आठवलाच नाही, आणि खूणही न केलेला प्रसंग डोक्यातून जाईना, असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर तसंच लिहा.

पुस्तक संपून महिना झाला. आता लिहिण्यात अर्थ आहे का?

आहे, पण ती वेगळ्या जातीची नोंद आहे. वर स्पष्ट लिहा: 'महिन्यानंतर, आठवणीतून.' जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरगट तासाभरातच निम्म्याहून अधिक विसरले गेले होते, त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावला. पुस्तकाला अर्थ असतो, त्यामुळे ते इतक्या झपाट्याने पुसलं जात नाही. जातात ते बारकावे, पात्रांची नावं आणि शब्दशः वाक्यं. म्हणून महिन्यानंतरच्या नोंदीत अवतरणचिन्हं वापरू नका. जे उरलंय तेवढंच लिहा, आणि पुस्तक पुन्हा चाळून ती 'ताजी' करायच्या फंदात पडू नका.

दहा पुस्तकांच्या नोंदी तुंबल्यात.

नऊ सोडून द्या. त्यांचं नाव, तारीख आणि एक ओळ. दहावं, म्हणजे अगदी आत्ता संपलेलं, पूर्ण लिहा. थकबाकी फेडत बसलेला माणूस महिनाभरात लिहिणंच सोडतो.

कथानक किती सांगायचं?

स्वतःसाठीच्या नोंदीत पाच ओळी, पण शेवटासकट. 'शेवट फोडू नये' हा संकेत इतरांसाठी लिहिताना ठीक आहे. स्वतःपासून शेवट लपवणाऱ्या नोंदी तीन वर्षांनी उघडल्या की 'आणि मग तो धक्कादायक निर्णय घेतो' असलं वाक्य भेटतं, आणि कोणता निर्णय ते काही केल्या आठवत नाही.

पात्रं जास्त असतील तर नाव आणि नातं एवढ्याची यादी वाचतानाच करा. पिढ्यांची कादंबरी असेल तर वंशवेल काढा, मात्र पेन्सिलीने, कारण तिसऱ्या प्रकरणात कुणाचा तरी सख्खा भाऊ सावत्र निघतो.

तारे किंवा गुण द्यावेत का?

द्यायचेच असतील तर सर्वांत शेवटी, मजकूर लिहून झाल्यावर. आधी आकडा टाकला की पुढचा सगळा मजकूर त्या आकड्याची वकिली करत बसतो. पाचपैकी चार दिले म्हणून खटकलेल्या गोष्टी मऊ होतात, दोन दिले म्हणून चांगली पानं गाळली जातात.

आकड्याची दुसरी अडचण म्हणजे तो मोजपट्टी सांगत नाही. रहस्यकथेचे चार आणि एखाद्या आत्मचरित्राचे चार यांत समान काय? त्यापेक्षा दोन प्रश्नांची हो-नाही उत्तरं लिहा: पुन्हा वाचेन का? कुणाला देईन, आणि कुणाला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमक्या माणसाचं नाव असावं. 'सर्व वाचनप्रेमींना' हे उत्तर धरलं जाणार नाही.

अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाची नोंद करायची?

जरूर. सोडलेलं पान आणि कारण. 'कंटाळवाणं' हे कारण पुरत नाही, कारण कंटाळ्याचे प्रकार आहेत. मजकूर झेपत नव्हता? पुढे काय होणार ते आधीच कळलं होतं? टाइप बारीक होता? की पुस्तक ठीक होतं आणि तुम्हालाच झोप अनावर होत होती? शेवटच्या दोन कारणांत पुस्तकाचा काही दोष नाही, म्हणून ती प्रामाणिकपणे लिहायची. सोडलेल्या आठ-दहा पुस्तकांची पानं पुढे एकत्र पाहिलीत तर एक गोष्ट दिसण्याची शक्यता आहे: तुम्ही दर वेळी साधारण एकाच टप्प्यावर अडता.

कथासंग्रहावर एकच नोंद पुरते का?

कथागणिक एक ओळ, आणि त्यांतल्या दोन कथांवर सविस्तर. संग्रहाबद्दल सरसकट लिहिलं की सगळ्या कथांची एक सरासरी तयार होते आणि ती कुठल्याच कथेला लागू पडत नाही. कथांचा क्रमही पाहा. सर्वांत जोरकस कथा पहिली ठेवली आहे की शेवटची? सलग वाचल्या, की दिवसाला एक? सलग वाचताना लेखकाच्या लकबी डोळ्यांवर येतात, सुट्या वाचताना त्या जाणवतही नाहीत. म्हणून वाचण्याची पद्धत नोंदीत हवी.

आणि कवितासंग्रहावर?

इथे गद्याची पद्धत चालत नाही. कवितेचा 'आशय' दोन ओळींत लिहिला की हाती काही उरत नाही. त्याऐवजी एक कविता हाताने पूर्ण उतरवा. टाइप करून किंवा फोटो काढून हे साधत नाही. हाताने उतरवताना ओळ कुठे तोडली आहे, विरामचिन्हं कुठे टाळली आहेत, एखादा शब्द दुसऱ्यांदा कुठे आला, हे हातालाच कळतं. अशी एक ओळ हटकून भेटते की जी तुम्ही नकळत वेगळीच लिहिता आणि पडताळताना चूक सापडते. तिथे थांबा. तुमच्या सवयीच्या भाषेने एक शब्द घातला होता आणि कवीने दुसरा निवडला होता. तो का, यावर पाच ओळी लिहिता आल्या तर नोंद झाली.

मोठ्याने वाचून कुठे अडखळता तेही टिपा. छंदातली कविता असेल तर अडखळणं बहुधा मात्रा चुकल्यामुळे होतं. तुमची चुकली की कवीची, ते बोटं मोजून ठरवा.

माहितीपर पुस्तकांचं कसं करायचं?

दोन रकाने करा. डावीकडे 'पुस्तक म्हणतं', उजवीकडे 'मी म्हणतो/म्हणते'. हे वेगळे ठेवले नाहीत तर वर्षभराने लेखकाचं मत तुम्ही स्वतःचं समजून बोलू लागता, आणि तुमची शंका लेखकाच्या नावावर जमा होते. डावीकडच्या प्रत्येक ओळीला पान क्रमांक. आकडा उतरवताना तो कशाचा, कोणत्या वर्षाचा आणि लेखकाने कुठून घेतला हेही लिहा. तळटीप नसेल तर 'आधार दिलेला नाही' असं नमूद करा.

शेवटी एक ओळ: हे वाचून माझं कोणतं मत बदललं? बदललं नसेल तर तसं लिहा.

अनुवादित पुस्तकात भाषेबद्दल बोलावं का?

बोला, पण कुणाबद्दल बोलताय ते ओळखून. 'लेखकाची शैली प्रवाही' असं म्हणताना तुम्ही वाचलेली मराठी वाक्यं अनुवादकाची असतात. मूळ भाषा येत नसेल तर शैलीचं श्रेय आणि दोष 'या अनुवादात' असं म्हणून लिहा. प्रसंगांचा क्रम, पात्रं, कुठलं प्रकरण कुठे संपतं, हे मात्र खुशाल लेखकाच्या खात्यावर टाका.

वाक्य मराठीत अवघडून उभं राहिलेलं दिसलं तर ते जसंच्या तसं उतरवा. 'अनुवाद कृत्रिम आहे' या शेऱ्यापेक्षा तसं एक वाक्य जास्त सांगतं. अनुवाद थेट मुळावरून आहे की मधल्या एखाद्या भाषेतून, हे बहुधा श्रेयपानावर दिलेलं असतं. तेही पाहा.

पुस्तक ऐकलं असेल तर?

पानाऐवजी प्रकरण आणि वेळ: 'प्र. ७, १२ मि. ४० से.' ऐकण्याचा वेग लिहा. दीडपट वेगाने ऐकून 'निवेदन घाईचं' म्हणणं बरं नव्हे. वाचणाऱ्याचा आवाज ही तिसरीच गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा, कारण उत्तम आवाज सामान्य मजकूर तारून नेतो. नावांचं लेखन कानांवरून कळत नाही, ते कुठे तरी छापलेलं पाहून मगच नोंदवा.

ई-पुस्तकात पान क्रमांक बदलत राहतो.

अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, हे खरं. काही ई-पुस्तकांत छापील आवृत्तीचे पान क्रमांक दिलेले असतात, ते असले तर तेच वापरा. नसल्यास प्रकरण, टक्केवारी आणि त्या जागेचे सलग चार-पाच शब्द. यंत्र बदललं तरी शोधपेटीत ते शब्द टाकून जागा मिळते. टक्केवारी नुसता आधार म्हणून ठेवा.

किंडलच्या यंत्रात रंगवलेली वाक्यं 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये जमा होतात. एखादी खूण वाढवली किंवा पुसली तरी जुनी नोंद फाइलमध्ये तशीच राहते, त्यामुळे एकच वाक्य दोन-तीनदा दिसतं. ती चाळून साफ करावी लागते. शिवाय किती मजकूर बाहेर काढता येईल यावर काही पुस्तकांत प्रकाशकाची मर्यादा असते.

मोठी चूक मात्र वेगळीच आहे. रंगवणं म्हणजे नोंद करणं नव्हे. दोनशे वाक्यं पिवळी केलेलं पुस्तक आणि कोरं पुस्तक वर्षभरानंतर सारखंच अनोळखी वाटतं. रंगवलेल्या प्रत्येक वाक्याशेजारी निदान एक शब्द लिहा: 'का?', 'खोटं', 'मीही'. जिथे तो शब्दही सुचत नाही, तिथली खूण काढून टाका.

पुस्तकात लिहिणं पाप आहे का?

स्वतःच्या पुस्तकात नाही. ग्रंथालयाच्या किंवा उसन्या पुस्तकात आहे, आणि तिथे पेन्सिलीचीही सवलत नाही. खोडताना कागदाचा वरचा थर उचकटतो.

स्वतःच्या पुस्तकात एचबी किंवा टूबी पेन्सिल वापरा. जेल पेनाची शाई पातळ कागदातून मागे उमटते. हायलायटरचा रंग काही वर्षांत विटतो. चिकटचिठ्ठ्या सोयीच्या असतात, पण वर्षानुवर्षं ठेवल्या तर डिंकाचा थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते आणि जुना, ठिसूळ कागद चिठ्ठी काढताना फाटतो. नोंद लिहून झाली की त्या काढा.

समासात लिहिलेलं वहीत उतरवण्याचं कारण सांगायला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा पुरेसे आहेत. सतराव्या शतकात प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात त्यांनी लिहून ठेवलं की एका प्रमेयाची सुंदर सिद्धता सापडली आहे, पण समास अपुरा पडतो. त्यांची ती प्रत पुढे हरवली. मुलाने १६७० मध्ये वडिलांच्या टिपांसह तो ग्रंथ छापला म्हणून जगाला ती ओळ कळली. सिद्धतेसाठी १९९५ उजाडलं, तीही अँड्र्यू वाइल्स यांची.

वही बरी की फोन किंवा संगणक?

लिहायला वही, शोधायला संगणक. दोन्हींपैकी जे रोज हाताशी असतं ते निवडा. वही घेतलीत तर पानांना आधी क्रमांक घाला, शेवटची चार पानं सूचीसाठी सोडा, आणि प्रत्येक नोंदीला चालू क्रमांक द्या: २०२५-१४ म्हणजे त्या वर्षातलं चौदावं पुस्तक. सुटे कागद टाळा.

संगणकावर देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. लिहिलेलं समोर दिसतं, पण शोधलं की सापडत नाही. कारण एकसारखं दिसणारं अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्य काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' वापरून बनवतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. 'ॲ'चंही तेच. काही कळफलक ते अख्खं अक्षर देतात, काही 'अ'वर वेगळा चंद्र ठेवतात. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. शिवाय '१४' शोधलं तर इंग्रजी आकड्यांत (14) लिहिलेले चौदा बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. त्यामुळे एकच कळफलक आणि एकाच लिपीतले आकडे ठेवा, शीर्षकात लेखकाचं नाव नेहमी एकाच पद्धतीने लिहा, आणि शोधताना अडचणीचं जोडाक्षर नसलेला शब्द निवडा. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या समान अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेलं जुनं काही असेल तर तो फॉन्ट हाताशी आहे तोवरच युनिकोडमध्ये आणा. फॉन्ट गेला की समोर नुसतं चिन्हांचं कडबोळं उरतं.

वहीत दोनशे पुस्तकं झाली. हवं ते कसं शोधू?

विषयसूची करा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या टिपणवह्यांसाठी एक युक्ती काढली होती, तिचं इंग्रजी रूप १७०६ मध्ये छापून आलं. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घ्यायचा आणि त्या जोडीच्या चौकटीत पान क्रमांक लिहायचा. रोमन लिपीत हे जरा ओढूनताणून करावं लागतं. देवनागरीत अक्षरच मुळी व्यंजन अधिक स्वर असतं, त्यामुळे ही युक्ती आपल्यासाठीच काढल्यासारखी बसते.

कृती अशी. समोरासमोरच्या दोन पानांवर पंधरा-पंधरा आडव्या ओळी आखा. पहिली ओळ स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांची, उरलेल्या एकोणतीस व्यंजनांच्या: क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व, श स ह. ('ष'चे मोजके शब्द 'श'मध्ये घाला.) उभे रकाने सहा: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. झाल्या १८० चौकटी. 'भीती' जाते भ/इ मध्ये, 'एकटेपणा' स्वर/ए मध्ये, 'स्मरण' स/अ मध्ये, 'स्त्री' स/इ मध्ये. जोडाक्षरात पहिलं व्यंजन आणि शेवटी लागलेला स्वर धरायचा. 'मृत्यू' म/उ मध्ये टाका, कारण आपण ऋ 'रु' असाच उच्चारतो. 'ज्ञ' ज मध्ये, 'क्ष' क मध्ये. तुमचा हिशेब वेगळा असला तरी हरकत नाही, मात्र एकदा ठरवलेला बदलू नका.

चौकटीत शब्द आणि पान दोन्ही लिहा: 'भीती ४१, ६६'. नुसते आकडे लिहिले तर भ/इ मध्ये 'भीती', 'भिंत' आणि 'भिकारी' एकमेकांत मिसळतात. ही सूची बिघडते ती समानार्थी शब्दांमुळे. आज 'मृत्यू', उद्या 'मरण', परवा 'अंत' लिहिलंत की एकच विषय तीन घरांत राहायला जातो. एक शब्द निवडा आणि बाकीच्यांसमोर 'मृत्यू पाहा' अशी पाटी लावा. एका पुस्तकाला तीनपेक्षा जास्त विषय देऊ नका.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांच्या पेटीत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या, असं ऐकून पुष्कळ जण चिठ्ठ्यांची जंगी व्यवस्था उभारायला बसतात. त्यांना त्या चिठ्ठ्यांतून ग्रंथ लिहायचे होते. तुम्हाला लिहायचे नसतील तर दोन पानांची सूची पुरे.

सगळे वाखाणतात ते पुस्तक मला आवडलं नाही. माझंच चुकतंय का?

नोंदीत चूक-बरोबर नसतं, पण क्रमाला महत्त्व असतं. तुमची नोंद पूर्ण होईपर्यंत इतरांची मतं वाचू नका. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावनासुद्धा शेवटी वाचा. आधी वाचलंत की तुमच्या वाक्यात त्यांचे शब्द शिरतात, आणि नंतर ते वेगळे काढता येत नाहीत. नोंद झाल्यावर मात्र एक तरी विरुद्ध मत जरूर वाचा आणि त्यातला तुमच्या नजरेतून सुटलेला एक मुद्दा खाली वेगळ्या शाईने लिहा.

पुन्हा वाचलं आणि मत बदललं. जुनी नोंद दुरुस्त करू?

अजिबात नको. तारीख टाकून खाली नवी लिहा. दुसऱ्या वाचनासाठी कोरी चिठ्ठी घ्या आणि जुनी नोंद पुस्तक संपेपर्यंत उघडू नका. मग दोन्ही चिठ्ठ्यांवरचे पान क्रमांक शेजारी ठेवा. जे आकडे दोन्हीकडे आहेत ती पुस्तकाची पक्की पानं. जे एकीकडेच आहेत, तिथे तुम्ही बदललेले आहात.

लेखक ओळखीचे आहेत. काय लिहू?

स्वतःच्या वहीत खरं ते लिहा. चारचौघांत मांडायचं असेल तर ओळख आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. तेही अवघड वाटत असेल तर जाहीर काही लिहू नका, पुस्तक मिळाल्याची पोच द्या.

नोंद इतरांसाठी मांडायची तर काय बदलावं?

शेवट झाका. 'पा. ८७' सोबत प्रसंगाचा अर्धा वाक्यभर संदर्भ द्या, कारण वाचणाऱ्याकडे पुस्तक नसतं. विशेषनामं दोनदा तपासा.

उताऱ्यांबद्दल: साहित्याच्या हक्कांविषयीच्या बर्न कराराचा दहावा अनुच्छेद प्रसिद्ध कृतीतून अवतरण घेण्याची मुभा देतो, मात्र ते रास्त व्यवहाराला धरून आणि उद्देशापुरतंच हवं, आणि कृतीचा व लेखकाचा उल्लेख हवा. किती ओळी चालतील याचा आकडा त्यात नाही. म्हणून लांबी तुमच्या म्हणण्यावरून ठरवा. ज्या ओळीबद्दल तुम्ही काही बोलणार आहात तीच घ्या. दोन ओळी स्वतःच्या आणि दोन पानं लेखकाची, हे अवतरण होत नाही. बारा ओळींच्या कवितेतल्या आठ ओळी म्हणजे जवळजवळ अख्खी कविता झाली, तिथे दोन-तीनवर थांबा. वहीत पूर्ण उतरवलेली कविता वहीतच राहू द्या. उतारा मुळाबरहुकूम हवा: मुद्रणदोषासकट, आणि गाळलेल्या जागी तीन टिंबं.

वर्षाला किती पुस्तकं व्हायला हवीत?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. आकडा ठरवला की पातळ पुस्तकं निवडली जातात.

वही भरली. पुढे?

पाठीवर पहिल्या आणि शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहा, सूचीच्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि नव्या वहीत सूची नव्याने सुरू करा. जुनी सूची पुढे ओढत नेऊ नका. आधीच्या वहीत शोधायचं असेल तर तीच वही उघडा. त्या निमित्ताने दोन-चार नोंदी वाचून होतात.